परत आलेला अर्ज

आमच्या सातारच्या घरमालकांकडे, म्हणजे सुभेदारांकडे, कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की मला त्या माणसाची दया यायची. सुभेदार पत्रिका हातात घ्यायचे, चष्मा लावायचे, सदऱ्याच्या खिशातून एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी असलेली पेन्सिल काढायचे आणि पाहुण्याला दारात उभं ठेवून पत्रिका गणपतीच्या चित्रापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचे. बरोबर असेल तिथे निळी खूण, चुकेल तिथे लाल. मग पत्रिका परत पाहुण्याच्या हातात. "कार्यालयाचा पत्ता हाय, पिनकोड न्हाई. जेवाण किती वाजता त्ये बी न्हाई. दुरुस्त करून आणा, मग येतो." पाहुण्याला वाटायचं म्हातारा चेष्टा करतोय. सुभेदार चेष्टा करत नसत. एका पुतण्याने पत्रिका दुरुस्त करून आणली नाही, तर ते त्याच्या लग्नाला खरोखर गेले नाहीत. आहेर तेवढा आदल्या दिवशी पोचता केला.

ते सैन्यात होते म्हटल्यावर लोक त्यांना सीमेवरच्या गोष्टी विचारत. सुभेदारांची सगळी नोकरी रेकॉर्ड ऑफिसात गेली होती. जवानांचे दाखले, विधवांच्या पेन्शनी, नावं-गावं-तारखा यांची जुळवाजुळव हीच त्यांची लढाई. अर्जात खोट निघाली की तो परत जायचा आणि सोबत कारणाचा कागद जोडलेला असायचा. त्या कागदाला त्यांच्याकडे 'ऑब्जर्वेशन' म्हणत. हा शब्द ते निवृत्तीनंतर घरी घेऊन आले आणि कशालाही लावू लागले. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून विचारायच्या, "काय ऑब्जर्वेशन हाय का आज?"

आणखी एक त्यांचं वेड म्हणजे ट्रंक. दारालगत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर एक हिरवी लोखंडी ट्रंक असायची आणि सुभेदार तिच्या शेजारीच खाट टाकून झोपायचे. त्यांचं लहानपण कोयनानगरला गेलेलं. भूकंपात घर पडलं तेव्हा माणसं वाचली, पण दाखले, उतारे सगळं ढिगाऱ्यात गेलं, आणि मग त्यांच्या वडिलांना आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. तेव्हापासून सुभेदारांचा नियम होता. जमीन हलली की आधी काकू, मग ट्रंक, मग बाकीचं. ट्रंकेत काय ठेवायचं हे ते फार चिकटपणे ठरवायचे. "तिच्यात जागा थोडी हाय. जे गेल्यावर माणूस राहत न्हाई तेवढंच आत," असं म्हणायचे.

या माणसाच्या घराचा वरचा मजला बिरूने आणि मी भाड्याने घेतला. बिरू माझा भागीदार, आटपाडीकडचा. त्याच्या आज्याने सगळा जन्म मेंढरांमागे काढला आणि बिरूने पुण्यात कॉम्प्युटरची पदवी घेतली. बोलणं मात्र त्याने आज्याचंच उचललं होतं, म्हणजे दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं. मी पाटणची. माझ्या वडिलांचं, आबांचं, तिथे मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळली की लोक ती आबांकडे आणतात आणि आबा तांब्याच्या तारा नव्याने भरून देतात. या जळक्या मोटारी बघतच मी मोठी झाले, आणि मोटार जळूच नये म्हणून बिरू आणि मी एक डबी बनवली. ती स्टार्टरशेजारी बसवायची. विजेचा एखादा फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी संपलं की डबी मोटार बंद करते आणि शेतकऱ्याच्या फोनवर निरोप धाडते. सुभेदारांनी तिचं नाव 'संतरी' ठेवलं. आम्ही ठेवलेलं नाव जरा इंग्रजी होतं, ते आता आम्हालाही आठवत नाही.

घर देताना त्यांनी आमची मुलाखत घेतली होती. लग्न, जात, खाणं यांतलं काही विचारलं नाही. "कागद दावा," एवढंच म्हणाले. कंपनीच्या नोंदणीचा दाखला त्यांनी तीनदा वाचला, दोन निळ्या खुणा केल्या आणि म्हणाले, "कागद साफ हाय. ऱ्हावा."

आमच्या डब्या दर मिनिटाला आपली खबर पाठवायच्या. ती खबर साठवायला, तिच्यावरून निरोप धाडायला मोठे कॉम्प्युटर लागतात, आणि ते एका परदेशी कंपनीचे आम्ही वापरत होतो. यालाच क्लाउड म्हणतात. जितका वापर तितकं बिल. सुरुवातीचे काही महिने फुकट होते आणि तेवढ्यात सांगली-सातारकडच्या तीनशे विहिरींवर डब्या बसल्या. आता ती सवलत महिनाअखेरीला संपत होती. पुढचं बिल भरण्याची आमची ऐपत नव्हती. पण ती कंपनी नव्या, छोट्या धंद्यांना वर्षभराचा वापर फुकट देते, त्याला क्रेडिट म्हणतात, आणि त्यासाठी अर्ज करायचा असतो. आम्ही केला. दोन दिवसांत उत्तर आलं की आपण या योजनेसाठी पात्र नाही. कारण काहीच नाही. बिरूला पुण्यातल्या नोकरीचं पत्र आलेलं होतं आणि होय-नाही कळवायची मुदतही महिनाअखेरच होती. तो पत्राबद्दल बोलत नव्हता, पण रोज सकाळी खिशात घालून आणत होता.

मी जिन्यात बसून रडले हे मान्य करायला मला आता लाज वाटत नाही. सुभेदार त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लावत अंगणात बसले होते.

"काय झालं गं पोरी?"

"अर्ज नाकारला, सुभेदार."

"नाकारला का परत आला?"

"एकच की ते."

त्यांनी बूट खाली ठेवला. "एक कसं? परत आलेला अर्ज जित्ता असतोय. कपाटात पडलेला मेलेला. आण हिकडं."

क्लाउड म्हणजे काय हे मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी ते एका वाक्यात आटोपलं. "म्हंजे नव्या रिक्रूटाला पयल्या वर्साची वर्दी फुकट. मग तुमी रिक्रूट हाय ह्ये त्यास्नी दिसाय पायजे. न्हाई दिसलं म्हणून परत धाडलं." पुढे जे घडलं त्याचं मूळ या वाक्यात होतं, पण आमच्या कुणाच्या ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही. त्यांच्याही नाही.

पहिलं लाल निशाण त्यांनी ईमेलवर मारलं. अर्ज मी माझ्या घरगुती पत्त्यावरून केला होता, कंपनीच्या नव्हे. "वर्दीचा अर्ज लुंगीवर करत्यात व्हय?" ते आम्ही सुधारलं. अर्ज परत आला. दुसरं निशाण पत्त्यावर. कंपनीची नोंदणी पाटणच्या घरावर, आणि अर्जात पत्ता सातारचा. सुभेदार हरखले. घरमालकाचं संमतिपत्र त्यांनी स्वतः लिहिलं, सही केली, शिक्का मारला (शिक्का कसला होता ते मी विचारलं नाही), आणि साक्षीदार म्हणून काकूंना स्वयंपाकघरातून बोलावलं. तो अर्जही परत आला. उत्तर अक्षरशः तेच, की आपण या योजनेसाठी पात्र नाही. कारण याही वेळी नाही.

तेव्हा मात्र सुभेदार खरे चिडले. नकाराचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

"ऑब्जर्वेशन न लिवता परत धाडत्यात? ही कुठली शिस्त म्हणायची? ह्येंचा बडा बाबू कोण हाय?"

"तिथे बाबू नसतो, सुभेदार. बहुतेक मशीनच उत्तर देतं."

"मशीनच्या मागं कोण तरी बसलंय का न्हाई? बसलंय. आणि त्यो काय आपला वैरी न्हाई, घाईत हाय. त्येला थांबवायचं. लिही."

त्यांनी सांगितलेलं पत्र मी इंग्रजीत जसंच्या तसं टाइप केलं. सैन्यातलं इंग्रजी होतं ते, दर वाक्याच्या शेवटी 'प्लीज' असलेलं. अर्जदाराला आपली चूक कळत नाही, प्लीज. ती कळल्यास ताबडतोब दुरुस्त करण्यात येईल, प्लीज. तीनशे शेतकऱ्यांच्या मोटारी या उत्तराकडे डोळे लावून आहेत, प्लीज. बिरू खिडकीकडे तोंड करून हसत होता. मीही पाठवताना ओठ चावला. पण चौथ्या दिवशी खरोखरच माणसाच्या हातचं उत्तर आलं, तिथल्या एका बाईंचं, दोन ओळींचं. आपल्या कंपनीविषयी जाहीर असलेली माहिती अर्जाशी जुळते का ते तपासून पाहावं, आणि शुभेच्छा. शेवटी त्या बाईंनीही 'प्लीज' लिहिलं होतं.

"निघालं का न्हाई ऑब्जर्वेशन!" सुभेदार ओरडले, आणि काकूंना शिरा करायला सांगितला. महिना संपायला तेव्हा सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदांची परेड लावली. वरच्या हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि फरशीवर आमचे सगळे कागद एका रांगेत मांडले. नोंदणीचा दाखला, पॅन, बँकेचं पत्र, तिन्ही अर्ज, संमतिपत्र. पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर अंगणातला एकेक गोटा ठेवला. खडू लावलेले बूट घालून ते रांगेच्या एका टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, "एक शिपाई गैरहजर हाय. तुमची पाटी कुठाय? ती फोनवर दिसती ती?"

म्हणजे वेबसाइट. बिरू कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिची रंगीत प्रत काढून घेऊन आला.

या वेबसाइटबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे कुठलंही नवं काम फ्लेक्सशिवाय सुरू होत नाही. वर वडीलधाऱ्यांचे फोटो, खाली 'आशीर्वाद', 'मार्गदर्शक', आणि ज्याचं काम तो सगळ्यात खाली बारीक. मी वेबसाइट करायला बसले आणि हात आपोआप फ्लेक्सच्या वळणावर गेला. सगळ्यात वर फेटा बांधलेले आबा, आशीर्वाद. त्यांच्या एका बाजूला घोंगडं पांघरलेला बिरूचा आजा. दुसऱ्या बाजूला कोट घातलेले, छातीवर पदकं लावलेले सुभेदार, मार्गदर्शक. आम्ही दोघं संस्थापक तळाशी, ओळखू येणार नाही इतके लहान. आणि फोटोंखाली ठळक अक्षरांत, 'चाळीस वर्षांच्या विश्वासाची परंपरा'. ती परंपरा आबांच्या दुकानाची. शेतकरी डबी कशी चालते हे नंतर विचारतो, आधी विचारतो, "कुणाची गं तू?" त्याचं उत्तर मी देऊन ठेवलं होतं. परगावच्या लोकांसाठी त्याखाली सगळं इंग्रजीतही घातलं होतं.

सुभेदारांना ती वेबसाइट म्हणजे काय वाटायची म्हणून सांगू! सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या पेन्शनरांना त्यांनी ती दाखवली होती. फोनवर दोन बोटांनी आपला फोटो मोठा करायचे आणि म्हणायचे, "मार्गदर्शक. वाचा."

तर ते रांगेवरून चालत निघाले. दाखल्यापाशी वाकले, निळी खूण. पॅन, निळी. पाटीपाशी आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं कंबर धरली.

"पोरी," ते म्हणाले, "हिकडं दाखला म्हणतोय दीड वरीस. आन् हिकडं पाटी म्हणती चाळीस. तुझी कंपनी तुझ्यापेक्षा म्हातारी हाय गं!"

बिरू त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "आयला!"

आम्ही पोट धरून हसलो. चाळीस वर्षांची कंपनी नव्या रिक्रूटाची वर्दी मागायला गेली होती, तीही तीनदा, फेटा बांधून. परदेशातल्या त्या घाईतल्या माणसाने पाटी वाचली आणि अर्ज परत टाकला, त्याची काय चूक? हसता हसता मी सुभेदारांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. खुर्ची नव्हती म्हणून ते फरशीवरच बसले होते.

"ही पाटी मी वरीसभर रोज बघतोय," ते म्हणाले. "चाळीस जणांना दावली. लोकांच्या पत्रिका परत करणारा मी. पर हिथं माझा फोटू बघत बसलो आन् खालची वळ वाचलीच न्हाई. चूक माझी हाय."

"सुभेदार, ओळ मी लिहिली होती."

"लिवणारा चुकतोच. वाचणाऱ्यानं चुकायचं नसतं." असं म्हणून त्यांनी पेन्सिल फिरवली, लाल टोक पुढे घेतलं, आणि सगळ्यात आधी स्वतःच्या फोटोवर, त्या पदकांवरून, एक सरळ रेघ ओढली. "रिक्रूटाच्या डोक्यावर एवढं म्हातारं कशाला? निघू द्या." मग बिरूकडे पाहिलं. बिरूने मान हलवली, आणि आज्यावरही रेघ गेली. आबांच्या फोटोपाशी मात्र त्यांनी पेन्सिल खिशात घातली. "ह्येला मी हात लावनार न्हाई. जा, इच्यारून ये."

मला ते नको होतं. काहीतरी मधला मार्ग निघेल, फोटो राहील, ओळ तेवढी जाईल, असं मी मनाशी घोकत होते. पण आबांच्या फोटोखालीच दुकानाचं नाव होतं, आणि तेच दुकान चाळीस वर्षांचं. माझ्या बापाला माझ्याच हाताने खोडायचं, या विचाराने एसटीत उंब्रजपासून पुढे मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

आबा दुकानात तार भरत होते. तुमचा फोटो काढायचाय, एवढंच मी सांगितलं.

"फोटू काढायचा? कुठनं?"

"वेबसाइटवरनं, आबा. तो असला तर आमी नवे हाय हे त्यांना पटत न्हाई."

"दाव बघू." फोन लांब धरून त्यांनी पाहिलं. "ह्यात फेटा वाकडा हाय माझा. काढ." मग तार तशीच बोटाला गुंडाळलेली ठेवून म्हणाले, "तुझी डबी आल्यापास्नं जळक्या मोटारी निम्म्या यायला लागल्यात माझ्याकडं. माझं दुकान बसवणारी कंपनी, आन् तिच्यावर माझाच फोटू! गिऱ्हाईक हसत्यात गं मला."

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तू नवी हाईस," आबा म्हणाले. "तसं लिव्ह की. नवं असायला लाजायचं कशाला? मी काय चाळीस वरसाचं दुकान घिऊन आलतो व्हय पयल्या दिवशी?"

मी त्यांच्या पाया पडले. आमच्याकडे रोज उठून कुणी कुणाच्या पाया पडत नाही, त्यामुळे ते गडबडले आणि चहा सांगायला स्वतःच उठून गेले.

संध्याकाळच्या आत बिरूने वेबसाइट बदलली. आमचे दोघांचे फोटो, मोठे. खाली एकच ओळ, की आम्ही दीड वर्षाची कंपनी आहोत आणि मोटारी जळू नयेत म्हणून काम करतो. सुभेदारांनी नवी प्रत मागवून घेतली, या वेळी शेवटून सुरुवातीकडे वाचली आणि पाच निळ्या खुणा केल्या. मग अर्ज गेला. उरलेले पाच दिवस ते फिरायला गेले नाहीत. दर तासाला जिन्याच्या तळाशी येऊन विचारायचे, "टपाल?" आणि आम्ही वरून म्हणायचो, "न्हाई."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी, काकूंनी ताटं वाढलेली असताना, मंजुरी आली. वर्षभर वापर फुकट. मी जिना उतरून ओरडतच खाली गेले. बिरू मागून आला, खिशातलं पुण्याचं पत्र काढून त्याने सुभेदारांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "ह्येला नकार कसा लिवायचा त्ये सांगा." सुभेदारांनी हातातला घास खाली ठेवला. बराच वेळ ते नाक शिंकरत होते आणि मिरचीला दोष देत होते. शेवटी म्हणाले, "मंजुरीची प्रत काढून आण. तोंडी आदेश मी मानत न्हाई."

पुढे डब्या वाढल्या. गिऱ्हाईक सगळं वाळवा, तासगाव, मिरजेकडचं, म्हणून वर्षभराने आम्ही ऑफिस सांगलीला हलवलं. निघायच्या दिवशी सुभेदारांनी भाडेकरार परत द्यायला ट्रंक उघडली. ती आतून मी पहिल्यांदाच पाहत होते. खरोखरच फार थोडे कागद होते. डिस्चार्ज बुक, घराचा उतारा, काकूंसोबतचा लग्नातला फोटो. आणि सगळ्यात वर, चार घड्या घातलेली, आमच्या जुन्या पाटीची ती रंगीत प्रत. मी ती उलगडली. सुभेदारांच्या फोटोवरून लाल रेघ तशीच होती. शेजारी त्यांनी नंतर कधीतरी निळ्या टोकाने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नाव कमी केले. सेवा चालू.'

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, होत्या त्याच घड्या घातल्या आणि परत सगळ्यात वर ठेवला.

"सांगलीच्या ऑफिसच्या पूजेची पत्रिका धाडशील तवा पिनकोड घाल," ट्रंकेचं झाकण लावत ते म्हणाले.